भोईरकाकांचा 'एक्सलंट'

गेल्या होळीला मी वरच्या मजल्यावरच्या भोईरकाकांकडे पुरणपोळ्यांचं ताट पाठवलं. अर्ध्या तासात ताट घासूनपुसून परत आलं, आणि ते घेऊन काका स्वतः आले. दारातच उभे राहून म्हणाले, "सुनंदा, फेअर."

"काय फेअर?"

"पोळी. चार पाहिल्या. दोन पोळ्यांच्या कडेला पुरण पोचलेलं न्हाय. एकीला मधोमध काळा डाग. चौथी गुड. एकूण फेअर." एवढं बोलून ते जिना चढून गेले.

माझ्या पुरणपोळीला आजवर माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाव ठेवलं नव्हतं, आणि त्यांनी बाकी कशालाही सोडलं नव्हतं. मी दार जरा जोरातच लावलं. आमचे हे आतून म्हणाले, "अगं, फेअर दिलाय त्यांनी. मागच्या वर्षी बिल्डिंगच्या पूजेच्या प्रसादाला पुअर दिला होता. तू वर आहेस." तेवढ्यानं माझा राग गेला नाही.

दामोदर भोईर मूळचे खारबावचे. भिवंडीत आले ते विशीत, आणि इस्माईलसेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासायच्या टेबलावर चेकर म्हणून उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत. लूमवरून उतरलेला तागा त्या टेबलावरून सरकत जायचा, खालून दिवा लावलेला असायचा, आणि काका एकेक दोष शोधून त्यावर खडूनं खूण करायचे. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. शेवटी ताग्याला शेरा द्यायचा. त्यासाठी मुंबईच्या साहेबांनी एक चार्ट पाठवलेला होता. त्यात पाच इंग्रजी शब्द होते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. प्रत्येक शब्दापुढे किती मीटरमध्ये किती दोष चालतील ते लिहिलेलं. तुम्हीआम्ही हे शब्द शाळेत शिकलो, म्हणून ते आपल्याला हवेत सोडायला बरे वाटतात. काका ते टेबलावर शिकले. त्यांच्या लेखी गुड म्हणजे तोंडदेखलं कौतुक नाही, माप आहे. आपण अर्ध्या मीटरला एक मीटर म्हणत नाही, तसं ते फेअरला गुड म्हणत नाहीत.

नोकरी सुटली, पण टेबल सुटलं नाही. शर्टाच्या खिशात धागे मोजायचं ते पितळी भिंग अजून असतं. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची. लग्नाची पत्रिका उलटी, ताट उलटं, माझ्या शिवणक्लासमधल्या मुलींनी शिवलेली ब्लाउजं तर थेट आतून बाहेर. माझ्या मुली त्यांना बघितलं की शिवण लपवतात. मी वरकरणी रागावते, पण खरं सांगायचं तर काका एकदा फिरकून गेले की पुढचे आठ दिवस मुली टाके नीट घालतात.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "काका, कसं वाटतंय?" काका म्हणाले, "वरून गुड. डाव्या गुडघ्यात फेअर. झोप पुअर." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं म्हणे.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काकांचा धाकच आहे. मध्यंतरी गच्चीचं गळतीचं काम झालं. सेक्रेटरींनी फोटो टाकला. खाली धडाधड 'एक्सलंट', 'एक्सलंट वर्क', अंगठे, टाळ्या. मीही एक 'एक्सलंट' टाकून दिला, भाजी फोडणीला टाकता टाकता. संध्याकाळी काकांनी लिहिलं, "वरील सतरा लोकांपैकी गच्चीवर कोण कोण जाऊन आलं?" ग्रुप दोन दिवस गप्प होता.

तळमजल्यावरचे युसुफभाई लूम चालवतात. काकांवर त्यांचा फार जीव. ते एकदा म्हणाले, "काका, बोल दिया करो ना एक्सलंट. आप का क्या जाता है?"

"मेरा नाम जाता है, युसुफभाय," काका म्हणाले. "एक्सलंट लिहिला ना, की तो तागा थेट गासडीत जातो. परत कोण उघडून बघत न्हाय. खाली मेरा सही. आत काय निघालं तर?"

"तो फिर आप ने जिंदगी में किसी को एक्सलंट दिया ही नहीं?"

काकांनी भिंग काढून धोतरासारख्या पातळ रुमालानं पुसलं आणि विषय बदलला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा अहंकार.

घरात काका आणि त्यांची धाकटी बहीण, कुसुमआत्या. काकांनी लग्न केलं नाही. आत्यांचं झालं होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे, आणि कुणी बोलत नाही म्हटल्यावर आम्हीही विचारलं नाही. आत्या गोऱ्यापान, कमी बोलणाऱ्या, सदा काहीतरी निवडत बसलेल्या. त्यांना जरा मोठ्यानं हाक मारावी लागते. मी एकदा गमतीनं विचारलं होतं, "आत्या, तुमच्या भाकरीला काका काय देतात हो?" तर त्या हसून म्हणाल्या, "माझ्या भाकरीला तो कायच देत न्हाय. गप जेवतो."

असा हा माणूस आमच्या डोक्यावर राहत होता, आणि आम्हाला त्याची गंमतच वाटत होती. मग माझ्या प्राचीचं लग्न ठरायची वेळ आली.

प्राची रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. कोन गावच्या म्हात्र्यांचं स्थळ लग्नं जमवणाऱ्या शोभाताईंनी आणलं. मुलगा निखिल, गोदामात सुपरवायझर. वडील एसटीतून निवृत्त. पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा-मुलगी गॅलरीत जाऊन बोलली, ती इतका वेळ की माझा भाऊ म्हणाला, चहा दुसऱ्यांदा टाका. नंतर पंधरा दिवस दोघांचे फोन सुरू होते. प्राची भांडी घासताना गुणगुणायला लागली. ही मुलगी भांडी घासते हेच मी नव्यानं बघत होते.

आणि एकाएकी सगळं थांबलं. तिकडून फोन नाही, निरोप नाही. प्राचीनं लावला तर निखिल म्हणाला, "घरात जरा बोलणं चाललंय," आणि ठेवला. चार दिवसांनी मी शोभाताईंना गाठलं. त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "सुनंदाताई, रागवू नका. मुलाचे मामा तुमच्या बिल्डिंगखाली चौकशीला आले होते."

आता चौकशी ही आपल्याकडची रीतच आहे. मुलाकडचं कोणीतरी गुपचूप येतं, वाण्याला विचारतं, शेजाऱ्याला विचारतं, मुलगी कशी, माणसं कशी. आणि शेजाऱ्यानं काय बोलायचं तेही ठरलेलं. "मुलगी? अहो, सोनं आहे सोनं. माणसं? देवमाणसं." कालच पाण्यावरून भांडण झालेलं असलं तरी हेच बोलायचं. ऐकणाराही त्यातलं निम्मं सोडून देतो.

मामांना गेटपाशी खुर्ची टाकून बसलेले भोईरकाका सापडले.

"दुसऱ्या मजल्यावरची मुलगी कशी आहे?"

"गुड."

"म्हणजे, स्वभावानं?"

"स्वभावानं गुड. आवाज मात्र चढतो. कामाला व्हेरी गुड."

"आणि घरची माणसं?"

"फेअर."

मामा गाडीला किक मारून गेले ते थेट कोनला. तिकडे बैठक बसली. शेजारचा म्हातारा, रोज बघणारा माणूस, साधं 'सोनं आहे' म्हणायला तयार नाही. माणसांना तर फेअर म्हणाला. म्हणजे काहीतरी आहे, तो बिचारा सांगू शकत नाही एवढंच. शोभाताई म्हणाल्या, "निखिल ऐकत नाहीये, पण त्याची आई घाबरलीय. ते दुसरं स्थळ बघतायत."

मी फोन ठेवला तेव्हा प्राची मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली, अजून ओले असलेले.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुमच्या त्या चार्टापायी माझ्या मुलीचं लग्न मोडतंय" एवढं सांगितलं की पुरे.

काकांना आधी कळलंच नाही. "अगं, पण मी गुड दिला! सुनंदा, गुड! मागच्या दहा वर्षांत या बिल्डिंगीत मी कोणाला गुड दिलाय, सांग. सेक्रेटरीच्या पोराला मी पुअर दिलेला हाय. व्हेरी गुड दिला कामाला. आणखी काय देऊ?"

"एक्सलंट म्हणायला काय गेलं असतं तुमचं? एक शब्द! सगळं जग फुकटात वाटतं तो!"

आत कुसुमआत्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

"तो शब्द मी माणसाला लावत न्हाय," काका म्हणाले.

"मग राहू दे तुमचा शब्द तुमच्यापाशी," असं म्हणून मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे. खिशात भिंग. "चल," म्हणाले, "कोनला जाऊ. त्यांना चार्ट समजावून सांगतो."

चार्ट समजावून कोणाचं लग्न जमल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण दुसरं करण्यासारखंही काही नव्हतं. मी पदर खोचला आणि निघाले. रिक्षात काका रस्त्याला पुअर देत होते, खड्ड्याखड्ड्याला. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, उस से नीचे कुछ नहीं है क्या?" काका गंभीरपणे म्हणाले, "न्हाय. पुअर के नीचे चिंधी."

म्हात्र्यांच्या घरी आम्हाला बघून सगळ्यांचीच पंचाईत झाली. पाणी आलं. निखिलचे वडील, आई आणि ते मामा समोर बसले. काकांनी सवयीनं टीपॉयवरच्या कापडाचं टोक उचलून खालून बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. गुड म्हणजे किती मीटर, व्हेरी गुड म्हणजे किती, सगळं शांतपणे सांगितलं. "या सुनंदाच्या घराला फेअर दिला तो पण खोटा न्हाय. हिला राग पटकन येतो, नवरा आळशी हाय. पण दोष सगळे वरच दिसतात. लपवलेला एकपण न्हाय."

मामा म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, भोईरबुवा. पण आम्ही मुलीबद्दल विचारलं, आणि तुमच्या तोंडून एक्सलंट काही निघालं नाही. लोक तर ओळख नसली तरी म्हणतात. तुम्ही रोज बघणारे, का नाही म्हणालात?"

काकांनी हातातला ग्लास टीपॉयवर ठेवला.

"एकदा म्हणालो होतो," ते म्हणाले. "माझ्या बहिणीला स्थळ आलं होतं. मुलगा आमच्याच कारखान्यातला, लूम दुरुस्त करणारा जॉबर. बाप न्हवता आम्हाला, म्हणून बघायचं मलाच होतं. रोज शेजारी उभा असायचा तो. कपडे स्वच्छ, बोलणं गोड. तेव्हा तो चार्ट नुकता आलेला. शब्द नवा होता, म्हणायला मजा वाटायची. आईनं विचारलं, दामू, पोरगा कसा हाय? मी म्हणालो, आये, एक्सलंट. आईला त्याचा अर्थ कळला न्हाय, पण माझं तोंड बघून ती खूश झाली. चार्टात लिवलेलं होतं, दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय हा शेरा द्यायचा न्हाय. मी त्याची एकच बाजू बघितली होती."

मामा पुढे सरकून बसले.

"एक्सलंट म्हटल्यावर परत कोण उघडून बघत न्हाय. मी पण बघितलं न्हाय. चार वर्षं. घरी यायची तेव्हा विचारायचो, कुसुम, कशी हायस? म्हणायची, मजेत. मी खूश. एक दिवस न सांगता गेलो तिच्याकडे, तेव्हा कळलं. डावीकडून हाक मारली तर तिला ऐकूच गेली न्हाय. डावा कान मारानं गेला होता. दोन वर्षं झाली होती कान जाऊन, आणि मला म्हायती न्हाय. मी म्हणालो, अगं, सांगितलं का न्हाईस? तर म्हणाली, दादा, तू एक्सलंट म्हणाला होतास ना. तुला खोटं कसं पाडू?"

मला आठवलं, आम्ही आत्यांना ओरडून हाक मारायचो आणि वाटायचं, वयामुळे ऐकू कमी येतं. मला माझीच लाज वाटली. निखिलच्या आईनं पदरानं डोळे पुसले.

काका उठले. "म्हणून या पोरीला मी गुड दिला. तिला मी लहानपणापासून बघतोय, दोन्ही बाजूंनी. तिच्यावर नजर ठेवा, तिला तुमच्यावर नजर ठेवू द्या. एवढंच सांगायला आलो होतो."

आम्ही दारापर्यंत पोचलो, तेव्हा निखिलची आई म्हणाली, "काका, थांबा. आमच्या पोराला काय द्याल?"

"अजून बघितला न्हाय," काका म्हणाले.

"मग बघा ना. आधी बघा, मग आम्हाला सांगा."

पुढचे आठ दिवस काकांनी हे काम ज्या निष्ठेनं केलं, तसं कोणी नोकरीत करत नाही. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि निखिलच्या गोदामासमोर चहाच्या टपरीवर बसायचे. तिसऱ्या दिवशी निखिलनंच त्यांना बघितलं आणि स्वतःची खुर्ची आणून दिली. काकांनी खुर्ची घेतली, पण शेऱ्यात धरणार नाही असं सांगितलं. नवव्या दिवशी आमच्याकडे येऊन त्यांनी अहवाल दिला. हमालांना भाऊ म्हणतो. एकदा ट्रकवाल्यावर ओरडला, नंतर जाऊन माफी मागितली. तंबाखू नाही. डब्यातलं दुसऱ्याला देतो, पण भाजी आवडली नाही की तोंड वाकडं करतो. दोन दिवस उशिरा आला.

"गुड," काका म्हणाले. प्राची आतल्या खोलीत होती, तिथून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो स्टीलचा डबा होता, पण तो पडला का टाकला हे मी विचारलं नाही.

लग्न झालं. साग्रसंगीत झालं. जेवणाला काकांनी कोणता शेरा दिला ते मी केटररला कळू दिलं नाही. निघायच्या वेळी सगळे रडत होते, मी तर जास्तच. काका गर्दीतून वाट काढत प्राचीपाशी गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाय, दर रविवारी फोन करायचा. पण मजेत हाय असं सांगायचं न्हाय. तो शब्द माझ्याकडे चालत न्हाय. काय झालं ते सांगायचं."

पहिल्या रविवारी मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले होते. अकरा वाजले, साडेअकरा झाले. फोन वाजला तो वरच्या मजल्यावर. माझ्या पोटच्या मुलीनं आईच्या आधी चेकरला फोन लावला होता. मी तणतणत वर गेले. दार उघडंच होतं.

काकांनी फोन स्पीकरवर लावून टीपॉयवर ठेवला होता. कुसुमआत्या खुर्ची ओढून, उजवा कान फोनकडे करून बसल्या होत्या. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. प्राची तिकडून एकेक सांगत होती. सासूबाई भाजीत मीठ जास्त घालतात. खोलीतला पंखा करकरतो, झोप लागत नाही. निखिल ओला टॉवेल गादीवर टाकतो, त्यावरून काल चांगलंच वाजलं, ती दोन तास बोलली नाही. मी फोन घ्यायला पुढे झाले. पण काकांकडे बघितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की मी एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. एकेक तक्रार ऐकून ते मान हलवत होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आता तूच झोप त्या टॉवेलवर."

काका खळखळून हसले. हा माणूस असा हसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली, की माझ्या पुरणपोळीचा राग, नवऱ्याला आळशी म्हटल्याचा राग, सगळा कुठे गेला कळलं नाही.

"बरं, आणखी?" त्यांनी विचारलं.

तिकडे प्राची जरा थांबली. "बाकी काही विशेष नाही, काका. उगीच तुम्हाला काय सांगत बसू."

कुसुमआत्या पुढे वाकल्या. त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाजवळ धरला. एरवी हळू बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज खोलीभर झाला.

"न्हाय गं बाय, सांग," त्या म्हणाल्या. "सगळं सांग. दादाला वाईट वाटत न्हाय."